करुणेची रात्रपाळी

राहुरीला १९३६ साली मेहेरबाबांनी वेड्यांसाठी एक आश्रम काढला. घरादाराला पारखी झालेली, रस्त्यावर भटकणारी माणसे शोधून तिथे आणली जात. मेहेरबाबा स्वतःच्या हातांनी त्यांना अंघोळ घालत, भरवत, त्यांचे केस कापत आणि त्यांचे संडासही साफ करत. पुढच्या वर्षी हा आश्रम मेहेराबादला हलवण्यात आला. मेहेरबाबांचे शिष्य झालेले इंग्रज डॉक्टर विल्यम डॉन्किन यांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेफेअरर्स’ या ग्रंथात या कामाची तपशीलवार नोंद ठेवली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या धार्मिक इतिहासात नेवाशाला आणि शिर्डीला जेवढे स्थान आहे, त्याच्या पासंगालाही राहुरीचा हा आश्रम पुरत नाही. तरीही ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या जिल्ह्याला शोभेल असा एक प्रश्न त्याने उभा करून ठेवला आहे. ज्याची बुद्धी ठिकाणावर राहिलेली नाही, त्या माणसाचे आपण काय देणे लागतो? त्याची काळजी घेणे हे काळजी घेणाऱ्याचे पुण्य मानायचे, की काळजी मिळणे हा त्याचा स्वतःचा हक्क मानायचा? माझे म्हणणे असे आहे की मनोरुग्णाच्या बाबतीत करुणा ही केवळ भावना म्हणून पुरी पडत नाही. ती शिकून, ठरल्या वेळी, नोंद ठेवून आणि उत्तरदायित्व पत्करून केली जाते, तेव्हाच तिला धर्म म्हणता येते. आपल्या काळात हे काम सर्वांत जास्त वेळ जिच्या हातून होते, ती मानसोपचार परिचारिका आपल्या नीतिविचारात मात्र जवळजवळ कुठेच नाही.

राहुरीचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे. मेहेरबाबा ईश्वरी प्रेमाने बेभान झालेले ‘मस्त’ आणि आजाराने वेडी झालेली माणसे यांत स्पष्ट भेद करत. पण राहुरीत अंघोळ दोघांनाही घातली जाई. म्हणजे समोरचा वेडा कदाचित संत असेल या आशेवर ती सेवा अवलंबून नव्हती. त्या काळी सरकारी व्यवस्था १९१२च्या इंडियन लुनसी ॲक्टवर उभी होती आणि त्या कायद्याला मुख्यतः वेड्यांना बंदोबस्तात ठेवण्याची चिंता होती. अशा वेळी कोणी त्यांच्या अंगाला प्रेमाने हात लावतो, ही गोष्ट लहान नाही. मात्र त्या सेवेचा सगळा भार एका व्यक्तीवर होता. काम केव्हा सुरू करायचे, कोणाला ठेवायचे, केव्हा थांबायचे, हे तीच व्यक्ती ठरवी आणि या कामाचा खरा हेतू आध्यात्मिक असून तो तिलाच ठाऊक आहे, असे अनुयायी मानत. मस्तांसाठीचे पुढचे आश्रम अजमेर, जबलपूर, बंगळूर अशा ठिकाणी चालले आणि काही काळाने थांबले. ज्याला अंघोळ घातली गेली त्याला पुढल्या वर्षीही कोणी अंघोळ घालील, याची हमी कोणाकडेही नव्हती. करुणा देणाऱ्याच्या मर्जीवर चालते तोवर तिचा हा दोष जात नाही. ती कितीही खरी असली तरी घेणाऱ्याला तिच्यावर विसंबता येत नाही.

आपल्या परंपरेने वेडाकडे पाहण्याच्या दोन रीती घालून दिल्या. पहिली रीत वेडाला देवत्व देते. महानुभाव पंथ ज्यांना परमेश्वराचा अवतार मानतो, ते ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकांच्या लेखी वेडे होते आणि त्यांच्या चरित्रात तो विक्षिप्तपणा लपवलेला नाही. दुसरी रीत वेडाला कर्माचे फळ ठरवते. चरकसंहितेच्या निदानस्थानात म्हटले आहे की जो स्वतःच्या कर्माने पीडित नाही, त्याला देव, गंधर्व किंवा पिशाच्चे पीडा देत नाहीत. भुताखेतांवरचा आळ त्या काळी दूर करणे हे धाडसच होते, पण आळ दूर झाला तो रोग्याच्याच माथी बसला. गावोगावी आजही हे दोन्ही सूर ऐकू येतात. एखादी बाई घुमू लागली की कोणी तिच्या पाया पडते, तर कोणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून देवऋषीकडे नेते आणि मागल्या पिढीतले कोणाचे काय चुकले ते शोधू लागते. दोन्ही रीतींमध्ये समोरचा माणूस नजरेआड होतो. एकीत त्याच्या जागी देव येतो आणि दुसरीत पाप येते. त्या बाईला झोप लागते का, पोटात काही गेले का, भीती कशाची वाटते, हे विचारायचे राहून जाते.

यावर उत्तर शोधायला परक्या तत्त्वज्ञानाकडे जावे लागत नाही. वेदान्ताने मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार यांना अंतःकरण म्हटले आणि आत्म्याला त्यांच्यापासून वेगळे ठेवले. हा विचार गंभीरपणे घेतला तर बुद्धी बिघडल्याने माणूसपण जात नाही, असेच निष्पन्न होते. माणसाची किंमत त्याच्या विचारशक्तीवर ठरवणाऱ्या तत्त्वज्ञानांना मनोरुग्णाच्या बाबतीत अडचण येते, वेदान्ताला ती येत नाही. पण याच सिद्धान्ताला एक सोयीची पळवाटही आहे. आत्म्याला काहीच होत नसेल तर दुःख ही माया ठरते, आणि मायेसाठी रात्रभर जागायचे कोणी? सिद्धान्ताने दिलेली प्रतिष्ठा आचरणात उतरली नाही तर ती भिंतीवरच्या सुभाषितापलीकडे जात नाही. जो माणूस आज मला ओळखत नाही, मला शिव्या देतो, जेवणात विष घातले आहे म्हणून ताट भिरकावतो, त्याच्याशी मी उद्या सकाळी त्याच्या नावाने हाक मारून बोलतो की नाही, यावर या तत्त्वज्ञानाची कसोटी लागते. ही कसोटी परिचारिका प्रत्येक पाळीत देते.

मानसोपचार परिचारिका नेमके काय करते, हे नीट सांगितले पाहिजे, कारण तिच्या कामाबद्दलचे अज्ञानच तिच्या उपेक्षेच्या मुळाशी आहे. डॉक्टरांचा राउंड एका रुग्णापाशी काही मिनिटे थांबतो आणि उरलेला दिवस व सगळी रात्र परिचारिकेची असते. गोळी गिळली की गालात दाबून ठेवली, हे तिला पाहावे लागते. औषधाने मान ताठली, हात थरथरू लागले, लाळ गळू लागली, तर आजार वाढला असे समजायचे की औषधाचा दुष्परिणाम, हे तिला आधी ओळखावे लागते. लिथियम घेणाऱ्याला जुलाब लागले तर ती साधी पोटाची तक्रार राहत नाही, विषबाधेची सुरुवात असू शकते, हे तिला माहीत असावे लागते. फार दिवस उदास असलेला रुग्ण अचानक शांत झाला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर ते सुधारणेचे लक्षण धरून चालत नाही. त्या रात्री त्याच्यावर अधिक लक्ष ठेवायचे असते. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा धोका अधिक असतो, म्हणून नातेवाइकांना बसवून घेऊन औषधांबद्दल, झोपेबद्दल, चिडचिडीबद्दल समजावणे हाही उपचाराचा भाग असतो. अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ सालच्या ग्रंथात, परिचारिका आणि रुग्ण यांच्यात तयार होणारे नातेच उपचाराचे साधन असते, अशी मांडणी केली आणि या कामाला सैद्धान्तिक पाया मिळाला. शस्त्रक्रियेत सर्जनच्या हातात जे हत्यार असते, त्या जागी इथे परिचारिकेचे वागणे असते. ते बोथट असेल तर औषधही अर्धेच लागू पडते.

हे ज्ञान आधुनिक आहे म्हणून परके ठरवण्याचेही कारण नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत आणि परिचारकाच्या गुणांत पहिला क्रम शुश्रूषेच्या ज्ञानाला आहे. मग दक्षता, मग रोग्याविषयी प्रेम आणि शेवटी शुचिता. बौद्धांच्या विनयपिटकात अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्षूची कथा आहे. बुद्ध आणि आनंद यांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि मग बुद्धांनी संघाला आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यास बजावले. तिथेच चांगल्या परिचारकाची लक्षणे दिली आहेत. औषध तयार करण्याची क्षमता आणि रोग्याला काय मानवते, काय मानवत नाही याची जाण ही लक्षणे आधी येतात. लोभ न धरता मैत्रभावाने सेवा करणे, घाणीची किळस न करणे, धीर देणारे बोलता येणे ही त्यानंतर. दोन वेगळ्या परंपरांचे दोन ग्रंथ प्रेमाच्या आधी जाणकारी मागतात, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ‘मनाने चांगली असली की झाले’ ही समजूत आपल्या जुन्या ग्रंथांचीही नाही, ती आपल्या आळसाची आहे. अर्थात परंपरा डोळे झाकून स्वीकारण्याजोगीही नाही. त्याच चरकसंहितेत उन्मादाच्या रोग्याला बांधण्याचे, अंधाऱ्या खोलीत कोंडण्याचे, दात काढलेल्या सापाने घाबरवण्याचे उपायही आहेत. युरोपातही हीच गत होती. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात वेड्यांच्या साखळ्या काढल्याचे श्रेय इतिहासाने फिलिप पिनेल या डॉक्टरला दिले. प्रत्यक्षात १७९७ साली त्या काढल्या जाँ-बाप्तिस्त प्युसँ या तिथल्या देखरेख्याने, जो आधी त्याच रुग्णालयात रोगी म्हणून राहिला होता. रोग्यांबरोबर जो दिवसरात्र राहतो त्यालाच कळते की साखळीची गरज किती थोडी असते.

इथे पहिला आक्षेप येतो. पगार घेऊन केलेले काम सेवा कशी होईल? राहुरीच्या आश्रमात कोणी हजेरीपटावर सही करत नव्हते. निष्काम कर्माच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा आक्षेप मनापासून वाटू शकतो. पण गीता फळाच्या आसक्तीबद्दल बोलते, कष्टाच्या मोबदल्याबद्दल नाही. मनोरुग्णाची शुश्रूषा हे तर फळाची आशा सोडून करण्याच्या कामाचे चोख उदाहरण आहे. बरा झालेला रुग्ण आभार मानेलच असे नाही, अनेकदा त्याला ती परिचारिका आठवतही नाही, आणि जुनाट आजारात बरे होणे हेच वर्षानुवर्षे लांबते. मन लागो न लागो, ठरल्या वेळी हजर राहून नेमून दिलेले काम नीट करणे, हा निष्कामपणाचाच एक प्रकार आहे. तरीही ‘विहित कर्म हीच पूजा’ एवढे म्हणून इथे थांबता येत नाही. मलमूत्र, ओकारी, उवा यांना हात लावण्याचे काम या समाजाने शतकानुशतके जन्मावरून वाटून दिले होते आणि त्यालाही स्वधर्म असेच नाव दिले होते. प्रतिष्ठित घरांनी नर्सिंगला नाक मुरडले त्यामागे हीच विटाळाची कल्पना होती. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मुलींना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले, तेव्हा त्यांना या पूर्वग्रहाशीच झगडावे लागले. म्हणून पगार, पदवी आणि नोंदणी यांनी सेवा अशुद्ध होत नाही, उलट ती जन्माच्या आणि लाचारीच्या बंधनातून सुटते. ‘तुम्ही तर देवीच’ असे म्हणून परिचारिकेला हार घालणारा समाज तिला पुरेसे वेतन, सुरक्षितता आणि विश्रांती देत नसेल, तर तो हार फुकट काम करवून घेण्याची एक युक्ती ठरतो.

या जिल्ह्यात राहुरीचा वारसा संपलेला नाही. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना घर देते. अशा कामाविषयी आदरच वाटतो. पण आदर वाटला की प्रश्न सुटला, असे समाजाला वाटू लागते, हा खरा धोका आहे. एखाद्या कुटुंबाच्या असामान्य त्यागावर लाखो माणसांची व्यवस्था चालवता येत नाही. आणि जिथे त्यागही नसतो, ज्ञानही नसते, नुसती आश्रयाची जागा असते, तिथे काय घडते हे तामिळनाडूतल्या एरवाडीने दाखवून दिले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तिथल्या दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी निवाऱ्याला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते आणि त्यांतल्या २८ जणांचा मृत्यू झाला. त्यांना तिथे आणणारे बहुतेक नातेवाईक श्रद्धेनेच आले होते. श्रद्धा होती, आसरा होता, पण रात्री जागे राहून बंधन सोडू शकणारा जाणता माणूस तिथे नव्हता. संसदेने २०१७ साली मंजूर केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली. सक्तीने मुंडण न केले जाण्याचा, स्वतःचे कपडे घालण्याचा, उपचारांबद्दल आगाऊ इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क दिला. राहुरीत केस कापले गेले ते प्रेमाने, पण आज आधी विचारावे लागते. करुणेच्या इतिहासातले हे पुढचे पाऊल आहे. ज्याच्यावर दया करायची त्याची परवानगी घ्यावी लागते, कारण तो दयेचा विषय होण्याआधी हक्काचा धनी आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धास्थानांच्या बाजूने येतो आणि तो अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकण्याइतका पोकळ नाही. देवळात, दर्ग्यात राहून माणसे खरोखर बरी होतात, असा अनुभव लाखो कुटुंबे सांगतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ साली बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तामिळनाडूतल्या एका मंदिरात राहायला आलेल्या ३१ गंभीर मनोरुग्णांची त्यांनी येताना आणि जाताना तपासणी केली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणांच्या मोजपट्टीवर सुमारे २० टक्के घट दिसली आणि तिथे विशेष औषध किंवा मांत्रिक विधी असा काही नव्हता. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण कशाचा गुण आला असेल, याचा अंदाज बांधता येतो. नातेवाईक बरोबर राहत, दिवसाला ठरलेला क्रम असे, हलकी कामे असत आणि कोणी हिणवत नसे. ही यादी चांगल्या शुश्रूषेची आहे. म्हणजे श्रद्धास्थानात जे उपयोगी पडते ते परिचारिकेच्या कामाशी वैर धरत नाही, त्याचीच साक्ष देते. गुजरातेत मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावर आणि मानसोपचाराचे पथक एकमेकांकडे रुग्ण पाठवू लागले. दुआ करणाऱ्याला कोणी तिथून हाकलले नाही. सीमारेषा मात्र ठाम हवी. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने किंवा दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरवले आहेत. नवसाला जाणाऱ्याला अडवण्याचे कारण नाही, पण नवस फेडून येताना त्याची गोळी बंद पडलेली नसावी. हे सांगायला गावात ज्या बाईचे ऐकले जाते अशी ओळखीची सिस्टर लागते.

तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मनोरुग्णालयाच्या इतिहासात जुलूम झाला तो कोणाच्या हातांनी? कोंडणारे, बांधणारे, जबरदस्तीने सुई टोचणारे हात परिचारकांचेच होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि निम्हान्स यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या, देशातल्या ३७ मनोरुग्णालयांच्या पाहणीत तुरुंगासारख्या इमारती आणि कोठड्या आढळल्या होत्या. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६१ सालीच दाखवून दिले होते की अशा बंदिस्त संस्थेत भली माणसेही रुग्णाला वस्तूसारखी हाताळू लागतात. हा आक्षेप खरा आहे आणि तो खरा आहे म्हणूनच परिचारिका प्रशिक्षित, नोंदणीकृत आणि जबाबदार असायला हवी. नव्या कायद्याने शारीरिक बंधन हा शेवटचा उपाय ठरवला, त्याला मानसोपचारतज्ज्ञाची मंजुरी आणि नोंद बंधनकारक केली. पण रात्री तीन वाजता वॉर्डात कोणी उसळला, तर बांधायचे की शेजारी बसून बोलायचे, हा निर्णय कागदावर येण्याआधी तिच्या समोर येतो. एका परिचारिकेवर पूर्ण वॉर्ड असेल तर ती बांधणारच, कारण बोलायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे माणसे. जुलमाचे मूळ अनेकदा दुष्टपणापेक्षा अपुऱ्या संख्येत असते.

जबाबदारी तिच्यावर टाकताना आपण अधिकार मात्र देत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून किमान ११ रुग्ण दगावले. त्यानंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. दोष कोणाचा हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण इमारतीची अग्निसुरक्षा ठरवणाऱ्या टेबलापाशी परिचारिकेला कधी खुर्ची नसते, हे सांगायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. २०१७च्या कायद्यातही हाच तोल बिघडलेला दिसतो. राज्य प्राधिकरणात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या एका मानसिक आरोग्य परिचारिकेला जागा आहे. मात्र रुग्णाच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनरावलोकन मंडळात न्यायाधीश आहे, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आहे, मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर आहे, रुग्ण, काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी आहेत, आणि ज्या व्यक्तीने रुग्णाला रात्रभर पाहिले तिच्यासाठी मात्र राखीव जागा नाही.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे. एवढ्या परिचारिका आणायच्या कुठून? त्यापेक्षा आशा कार्यकर्तीला थोडे शिकवून काम भागणार नाही का? आधी गरज किती ते पाहू. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या पाहणीनुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त होते, तर ०.८ टक्के लोकांना तीव्र विकार होता. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी तेच प्रमाण धरून ढोबळ हिशेब करता येतो. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर आहे. त्यातले ३० लाख प्रौढ धरले तर सुमारे २४ हजार माणसे तीव्र मनोविकाराने आजारी ठरतात. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. १४ तालुक्यांच्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात अकोले किंवा जामखेडच्या टोकाहून दर महिन्याला नगर गाठणे म्हणजे एक दिवसाचा रोजगार आणि बरोबरच्या माणसाचाही रोजगार बुडवणे. उपचार सुटतात ते बहुधा अशा हिशेबाने, श्रद्धेने नव्हे.

गावातल्या साध्या स्त्रीला आरोग्याचे ज्ञान देता येते, हे जगाला या जिल्ह्यानेच दाखवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात अनेक निरक्षर आणि दलित स्त्रिया ग्रामआरोग्यसेविका झाल्या. त्यामुळे आशांविषयीचा आक्षेप जामखेडच्या मातीत उगवलेला आहे आणि त्याचा मान राखूनच उत्तर दिले पाहिजे. तामिळनाडू, गोवा आणि आपला सातारा येथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते रुग्णालयाच्या उपचारांना जोड म्हणून घरोघरी गेले, तेव्हा रुग्णांची अवस्था काहीशी अधिक सुधारली, विशेषतः त्यांचे अपंगत्व कमी झाले. पण फायदा माफक होता आणि त्या कार्यकर्त्यांच्या मागे तज्ज्ञ देखरेख होती. जामखेडलाही सेविकेच्या पाठीशी परिचारिका आणि डॉक्टरांचे पथक होतेच. आशा कार्यकर्ती घर शोधील, धीर देईल, गोळीची आठवण करील. पण महिन्याचे इंजेक्शन देणे, दुष्परिणाम ओळखणे, धोका किती आहे ते जोखणे आणि आशेलाच जड झाले तर तिला सांभाळणे, यासाठी मधली कडी लागते. ती कडी परिचारिका आहे. ती नसेल तर एका टोकाला गावातली बाई एकटी पडते आणि दुसऱ्या टोकाला नगरचा डॉक्टर.

मग परिचारिका नाहीतच का? लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर नर्सिंग महाविद्यालये आहेत. मानसोपचार हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात अनिवार्य आहे. बंगळूरला १९५६ पासून मानसोपचार परिचर्येचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचार परिचारिकेचे पद आहे. शिक्षण आहे आणि पदाची तरतूदही आहे. कमी आहे ती या कामाला स्वतंत्र विद्या मानण्याची तयारी. मानसोपचारात शिकलेल्या परिचारिकेला आज प्रसूती कक्षात आणि उद्या अपघात विभागात पाठवता येते, कारण प्रशासनाच्या लेखी सगळ्या नर्स सारख्याच. अशी बदली भूलतज्ज्ञाची केली तर गदारोळ होईल.

म्हणून मागणी अशी केली पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किमान एक मानसोपचार प्रशिक्षित परिचारिका असावी, तिची दुसऱ्या विभागात बदली होऊ नये, गावांतून फिरण्यासाठी तिला वाहन आणि वेळ मिळावा, आणि पुनरावलोकन मंडळात तिच्यासाठी जागा असावी. जिल्ह्यातल्या देवस्थानांनाही यात काम आहे. शिर्डी संस्थान रुग्णालये चालवते, म्हणजे भक्तांचे दान उपचारांवर खर्च करणे धर्माविरुद्ध नाही, हे इथे केव्हाच ठरलेले आहे. त्या दानातून तालुक्याला एका परिचारिकेचा पगार निघाला तर ते कोणत्याही सुवर्णकलशाइतकेच धर्मकार्य ठरेल. आणि वाचकांना एक विनंती. मनोरुग्णांच्या एखाद्या आश्रमाला धान्य, कपडे किंवा पैसे द्यायला जाल तेव्हा पावती घेण्याआधी व्यवस्थापकांना एवढेच विचारा: रात्री इथे ड्यूटीवर कोण असते, ती या कामाचे शिकलेली आहे का, आणि तिला पगार किती देता?